सात गोलांमागची आठ वर्षे

श्रोतेहो, १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये फुटबॉलच्या सामन्यांत ऑस्ट्रेलियाने जपानला २-० असे हरवून घरी धाडले. पुढच्याच फेरीत त्या ऑस्ट्रेलियाची गाठ भारताशी पडली आणि आपण ४-२ असे जिंकलो. चारांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझाचे. हा मूळचा गोमंतकीय आणि मुंबईच्या मैदानांवर नाव मिळवलेला गडी. म्हणजे त्या साली जपानचा संघ आपल्यापेक्षा कच्चा होता, असे म्हणायला हरकत नाही.

पण बारा वर्षांनी, १९६८ साली, मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये ह्याच जपानने ब्राँझपदक मिळवले. त्या स्पर्धेत सर्वांत जास्त, म्हणजे सात गोल करणारा खेळाडूही जपानचाच होता. त्याचे नाव कुनिशिगे कामामोतो. आता तुम्ही विचाराल, हे झाले कसे? ते जरा समजून घेऊ या.

१९६० साली जपानी फुटबॉल संघटनेने देत्मार क्रामर नावाचा जर्मन शिक्षक बोलावला. त्याने मोठमोठ्या खेळाडूंना पुन्हा बाराखडी गिरवायला लावली. चेंडू पायाच्या आतल्या बाजूने कसा थांबवायचा, दहा पावलांवरच्या गड्याला नेमका कसा द्यायचा, हेच रोज घोटून घ्यायचे. शिवाय त्याने सांगितले की, वर्षातून एखादी स्पर्धा खेळून खेळाडू तयार होत नाही. वर्षभर चालणारे साखळी सामने हवेत. त्याप्रमाणे १९६५ साली आठ संघांची लीग सुरू झाली. हे संघ कंपन्यांचे होते. खेळाडू कंपनीचे नोकर असत; नोकरी सांभाळून सराव करायचा, असा तो शिरस्ता.

कामामोतोचा जन्म १९४४ साली क्योतोला झाला. वासेदा विद्यापीठातले शिक्षण संपवून १९६७ साली तो ओसाकाच्या यानमार डिझेल कंपनीत लागला. आपल्या शेतकरी बंधूंना सांगायला हवे की, ही इंजिने आणि शेतीची यंत्रे करणारी कंपनी. तिचे नाव चतुर ह्या किड्याच्या जपानी नावावरून पडले. चतुर दिसले की पीक चांगले येते, अशी तिकडे समजूत आहे!

आता आघाडीच्या खेळाडूचे, म्हणजे फॉरवर्डचे काम काय? लोकांना दिसतो तो शेवटचा फटका. पण गोलासमोर संधी मिळते ती डोळ्याचे पाते लवेपर्यंतच. चेंडू पायाशी आल्यावर विचार करू लागलात, तर तोवर दोन बचाववाले अंगावर आलेले असतात. म्हणून चेंडू यायच्या आधीच जागा हेरून ठेवावी लागते. १९६८ च्या सुरुवातीला कामामोतो पश्चिम जर्मनीत जाऊन काही आठवडे शिकला आणि त्याचा फटका अधिक झटपट झाला. पण चेंडू आणून देणाराही हवा ना! ते काम र्‍युइची सुगियामा करी. डाव्या कडेने वार्‍यासारखे पळत जायचे आणि चेंडू मध्ये टाकायचा. कामामोतो कुठे असेल हे त्याला ठाऊक असे.

मेक्सिकोत पहिल्या सामन्यात नायजेरियाविरुद्ध कामामोतोने तीन गोल केले, फ्रान्सविरुद्ध दोन. उपांत्य फेरीत हंगेरीने जपानचा ५-० असा धुव्वा उडवला. तरी संघ खचला नाही. २४ ऑक्टोबरला, ब्राँझपदकासाठी, खुद्द यजमान मेक्सिकोशी त्यांच्याच अॅझ्टेक मैदानावर गाठ पडली. सुगियामाने चेंडू दिले, कामामोतोने दोन गोल केले. उत्तरार्धात मेक्सिकोला पेनल्टी मिळाली, ती गोलरक्षक योकोयामाने अडवली. जपान २-० असे जिंकले.

पण कथा इथे संपत नाही. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, कामामोतोला काविळीच्या दुखण्याने गाठले. त्या वर्षी विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांत तो नव्हता आणि जपान बाद झाले. तो स्वतः त्यातून उठला. लीगमध्ये २५१ सामन्यांत २०२ गोल त्याने केले आणि सात हंगामांत तो सर्वाधिक गोल करणारा ठरला. १९८४ साली त्याच्या निरोपाच्या सामन्यात पेलेही खेळला. मात्र त्याच्या जोडीचा दुसरा कोणी पुढे आला नाही. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये जपान पुन्हा दिसले ते १९९६ साली, आणि विश्वचषकात पहिल्यांदा पोहोचले १९९८ साली. मधल्या काळात, १९९३ मध्ये, व्यावसायिक लीग सुरू झाली आणि तिच्या संघांना मुलांसाठी शिक्षणवर्ग चालवणे भाग पडले, तेव्हा कुठे खेळाडूंची रांग लागली. त्या लीगच्या आरंभी कामामोतो गांबा ओसाका संघाचा प्रशिक्षक होता. १० ऑगस्ट २०२५ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ह्यातून घेण्यासारखे ते एवढेच. शाळेच्या संघात एखादा तरबेज मुलगा निघतो आणि आपण सगळे सामने त्याच्या जिवावर खेळतो. तो सातवी पास होऊन गेला की संघ उघडा पडतो. त्याचे कौतुक जरूर करावे. पण त्याला चेंडू देणारा, गोल अडवणारा आणि उद्या त्याची जागा घेणारा, ह्यांनाही रोज अर्धा तास बाराखडी गिरवायला लावावी. एका ओंबीने खळे भरत नाही.