काटा हलला नाही म्हणून चालणं सोडू नका

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं एक छायाचित्र छापून आलं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा होता: 22.3. तक्त्यात पाहिलं तर दोघांनाही काळजीचं कारण नव्हतं. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती 9.1 टक्के भरली आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. हा फरक जन्मापासूनच दिसतो, हे याज्ञिक यांच्याच पथकाने पुण्याजवळच्या गावांमधल्या बाळंतिणी आणि बाळांचा अभ्यास करून दाखवलं होतं. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची आणि इंग्लंडमधली 3.5 किलोची. आपलं बाळ हातापायांनी बारीक, स्नायूंनी कमी, पण पाठीच्या त्वचेखालची चरबी मात्र त्याने बऱ्यापैकी राखलेली. याच कारणाने भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा 25 वरून 23 वर आणली गेली आणि कमरेच्या घेराला वजनाइतकंच महत्त्व आलं.

आपल्याकडे आरोग्याबद्दल जे गैरसमज आहेत, त्यांतले बरेचसे एका मुळाशी जाऊन पोचतात: तब्येत वजनकाट्यावर कळते, ही समजूत. बारीक माणूस म्हणतो, माझ्या अंगावर मांस नाही, मला कशाला साखर होईल? जाड माणूस उमेदीने चालायला लागतो, महिनाभर रोज पहाटे उठतो, काट्यावर उभा राहतो, आकडा जेमतेम अर्धा किलो खाली आलेला असतो, आणि मग ‘आपल्याला काही लागू पडत नाही’ म्हणून तो बूट कोपऱ्यात ठेवून देतो. यांतला दुसरा गैरसमज मला जास्त घातक वाटतो, कारण तो प्रयत्न करणाऱ्या माणसालाच मागे ओढतो. अर्धा तास भरभर चालून साधारण शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात आणि एक वडापाव त्या सहज भरून काढतो. तेव्हा नुसत्या चालण्याने वजन झपाट्याने उतरत नाही, हे खरंच आहे. चूक होते ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

याचा भक्कम पुरावा आपल्याच देशातला आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट पाडले. एका गटाला नेहमीचा सल्ला, दुसऱ्याला आहार बदलण्याचा आणि रोज किमान अर्धा तास चालण्याचा पाठपुरावा, तिसऱ्याला मेटफॉर्मिनची गोळी, चौथ्याला दोन्ही. 2006 साली निकाल प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या 55 टक्के लोकांना मधुमेह झाला, तर चालण्या-खाण्याची शिस्त पाळणाऱ्या गटात हे प्रमाण 39.3 टक्के राहिलं. गोळीचा फायदा जवळपास तेवढाच निघाला आणि दोन्ही एकत्र केल्याने त्यात वाढ झाली नाही. या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे: शिस्त पाळणाऱ्या गटाचं सरासरी वजन फारसं उतरलंच नव्हतं. काटा जागेवर राहिला आणि आजार मात्र मागे हटला.

मग वजनाला काहीच अर्थ नाही का, असा प्रश्न इथे कुणीही विचारील, आणि त्याचं उत्तर ‘आहे’ असंच द्यावं लागेल. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या याच धर्तीच्या मोठ्या प्रयोगात वजन 7 टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं हालचाल करणं अशी दोन उद्दिष्टं दिली होती. तिथे मधुमेहाचा धोका तब्बल 58 टक्क्यांनी घटला, आणि त्यात मोठा वाटा वजन उतरल्याचाच होता. ज्याचं वजन जास्त आहे त्याने ते उतरवावं, यात वाद नाही. पण त्याच प्रयोगात ज्यांना वजनाचं उद्दिष्ट गाठता आलं नाही, तरीही ज्यांनी 150 मिनिटांचा नेम पाळला, त्यांच्यातही मधुमेहाचं प्रमाण 44 टक्क्यांनी कमी आढळलं. याचं कारण शरीराच्या कामकाजात आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो रक्तातली साखर इन्शुलिनची वाट न पाहता आत ओढून घेतो. म्हणून जेवणानंतर पंधरा मिनिटं पाय मोकळे केले की त्या जेवणाने चढणारी साखर कमी चढते. शिवाय नियमित हालचालीने यकृतात आणि आतड्यांभोवती साठलेली, सर्वांत उपद्रवी चरबी घटू लागते, मग एकूण वजन तेवढंच का राहीना.

आता पुढचा गैरसमज: व्यायाम म्हणजे जिम, ट्रॅकसूट आणि सलग तासभर घाम. शारीरिक हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो खेळाडूंमध्ये नव्हे, लंडनच्या बस कर्मचाऱ्यांमध्ये. जेरेमी मॉरिस यांनी 1953 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे 31,000 वाहतूक कर्मचाऱ्यांची नोंद होती. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून राही आणि तिकिटं फाडणारा वाहक दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. मुंबईत बेस्टच्या दुमजली गाडीतल्या वाहकाची हीच चढउतर अनेक वाचकांनी पाहिली असेल. लंडनमध्ये वाहकांना हृदयविकार कमी प्रमाणात झाला, उशिरा झाला आणि झाला तरी तो चालकांइतका जीवघेणा ठरला नाही. यावर लगेच शंका निघाली की स्थूल माणसंच चालकाची नोकरी पत्करत असतील, मग दोष बसण्याचा कसा? मॉरिस यांनी ही शंका झटकून टाकली नाही. त्यांनी गणवेशाच्या विजारींच्या मापांच्या नोंदी मिळवल्या आणि 1956 साली मान्य केलं की चालकांच्या कमरा खरोखरच रुंद होत्या. पण कमरेच्या मापाप्रमाणे गट पाडून पाहिलं, तरी बारीक असो, मध्यम असो वा जाड, अचानक मृत्यूचं प्रमाण वाहकांमध्येच कमी होतं. पन्नासच्या दशकातली ही विजारींची मापं वाचताना आजही थक्क व्हायला होतं, कारण वजन आणि हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनी सत्तर वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं.

रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत, नाहीतर चालणं फुकट, हा समजही यातलाच. हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर 1965 साली एका जपानी कंपनीने पावलं मोजण्याचं यंत्र विकायला काढलं, त्याच्यासोबत तो रूढ झाला. पुढे संशोधकांनी खरोखर मोजमाप केलं तेव्हा चित्र बरंच दिलासादायक निघालं. सरासरी 72 वर्षं वयाच्या सुमारे 17,000 अमेरिकन स्त्रियांच्या 2019 सालच्या अभ्यासात दिवसाला 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण 41 टक्क्यांनी कमी होतं आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फायदा स्थिरावला. तरुणांसाठी आकडा थोडा वर जातो, पण सगळ्यांत मोठी कमाई होते ती अगदी कमी चालणारा माणूस थोडं जास्त चालू लागतो तेव्हा. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 साली, हालचाल सलग दहा मिनिटं असली तरच मोजायची, ही आपली जुनी अट सोडून दिली. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं बेताच्या जोराची हालचाल हवी, पण ती तुकड्यातुकड्यांनी झाली तरी चालते. बेताचा जोर ओळखायची साधी खूण अशी: चालता चालता बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

अशा पाहणीवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. जी माणसं आधीच धडधाकट आहेत तीच जास्त चालतात. मग चालण्याने आयुष्य वाढलं की तब्येतीने चालणं वाढलं? नुसत्या पाहणीतून याचा पक्का निवाडा होत नाही, हे कबूल करायलाच हवं. म्हणूनच चेन्नईच्या प्रयोगाचं मोल मोठं. तिथे कोण कुठल्या गटात जाणार हे माणसाच्या प्रकृतीवर ठरलेलं नव्हतं.

‘दिवसभर घरचं काम करतोच की, वेगळा व्यायाम कशाला?’ हे घराघरांत ऐकू येणारं वाक्य अर्धं खरं आहे. फरशी पुसणं, पाण्याच्या कळश्या वाहणं, जिने चढणं हे शरीराच्या हिशेबात पुरेपूर जमा होतं. पण ओट्याशी दोन तास उभं राहण्याने पाय दुखतात, पाठ अवघडते, आणि हृदयाचा वेग मात्र वाढत नाही. थकवा आणि व्यायाम या एकच गोष्टी नव्हेत. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल न करणारे आढळले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण 57 टक्के होतं, तेही घरकामाची हालचाल जमेस धरून. यात स्त्रियांना बोल लावण्याचा प्रश्नच येत नाही. सकाळचा डबा, मुलांची शाळा, सासूसासऱ्यांचं पथ्य यांतून तिला अर्धा तास मोकळा मिळावा ही घरातल्या इतरांची जबाबदारी आहे. डॉक्टरांनी ती एकट्या तिच्या गळ्यात घालून मोकळं होऊ नये. शेतात राबणाऱ्यांनाही मधुमेह होतोच, असंही म्हटलं जातं. होतो. पण आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात शहरांत मधुमेहाचं प्रमाण 16.4 टक्के तर खेड्यांत 8.9 टक्के होतं. गोव्यात ते 26.4 टक्के, देशात सर्वाधिक. खेड्याचा आकडाही लहान नाही. कारण तिथली कामं आता यंत्राने होऊ लागली आहेत, आणि ताट तर शहरासारखंच धान्याने भरलेलं आहे.

ताटाकडे वळलं की गैरसमजांची गर्दी होते. भात सोडला, आता रात्री चार पोळ्याच खातो, असं सांगणाऱ्याच्या पोटात पिष्ट जवळपास तेवढंच जातं, कारण तांदूळ आणि गहू वजनाला वजन साधारण सारख्याच कॅलरी देतात. साखर बंद करून चहात गूळ घालणाऱ्याचंही तसंच. गुळात खनिजांचा अंश थोडा जास्त असतो, पण तो मुख्यतः साखरच आहे. उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाल्ला तर पोटाला विश्रांती मिळत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, 100 ग्रॅममध्ये प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. उपवास करायचाच असेल तर राजगिरा, दही, फळं, मूठभर दाणे हा त्याहून कितीतरी बरा मार्ग आहे. ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा चोथ्याने सरस असली तरी ‘भाकरी आहे, कितीही खा’ हे खरं नाही.

या सगळ्यामागचं दुखणं एकच: आपण एका धान्याच्या जागी दुसरं धान्य आणि एका गोडाच्या जागी दुसरं गोड ठेवतो, ताटाचे वाटे मात्र तसेच राहतात. आयसीएमआरच्या 2025 सालच्या विश्लेषणाप्रमाणे भारतीयांच्या एकूण कॅलरींपैकी सुमारे 62 टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 सालच्या मार्गदर्शिकेत मात्र धान्याचा वाटा 45 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. निम्मं ताट भाज्या-फळांचं, आणि डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मासे-मांस मिळून दिवसाला 85 ग्रॅम. डाळच धरली तर शिजवल्यावर हे साधारण तीन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ होते. आपल्या नेहमीच्या जेवणात काय असतं ते आठवून पाहा: तीन-चार पोळ्या, बटाट्याची भाजी, वर भात आणि त्यावर ओतलेलं पातळ वरण. बटाटा भाजी म्हणून वाढला तरी कामाने तो धान्याच्याच बाजूचा. यातल्या दोन पोळ्या कमी करून मटकीची किंवा चवळीची उसळ घातली, वरण घट्ट केलं, बटाट्याच्या जागी पालेभाजी आणि शेजारी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आली, तर परदेशी बिया किंवा महागडी पावडर काहीही न आणता ताट बदलतं. वजनकाट्याला हा बदल आठवडे न् आठवडे जाणवणार नाही, पण जेवणानंतरच्या साखरेला तो पहिल्याच दिवशी जाणवतो.

हे खर्चिक आहे, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, डाळ आणि भाजी विकत आणावी लागते. मग गरिबाचं ताट धान्याने भरतं ते अज्ञानामुळे नव्हे. रेशनमध्ये कडधान्याला जागा मिळणं ही माझ्या मते आरोग्याच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगाची गोष्ट ठरेल. पण ज्या घरात दर आठवड्याला फरसाण, बिस्किटं आणि थंड पेयं येतात, तिथे पैशाचं कारण टिकत नाही. कुळीथ, मटकी, शेंगदाणे त्याच पैशात येतात.

‘आता या वयात कुठे व्यायाम?’ हा शेवटचा गैरसमज, आणि तो घरातली तरुण मंडळीच जास्त बोलून दाखवतात. 1990 साली अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात 86 ते 96 वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांच्या स्नायूंसाठी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. जन्मतःच स्नायू कमी घेऊन आलेल्या आपल्यासारख्या लोकांना या ताकदीच्या व्यायामाची गरज तर अधिकच आहे. म्हणूनच चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता दहा-बारा वेळा उठबस, भिंतीवर हात रोवून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं एवढं तरी हवं. प्रगती मोजायला टेप घ्या: पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांची 80 सेंटीमीटरच्या आत असावी. जोडीला तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी आणि रक्तदाब. जे इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी चालणं वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी, कारण चालण्याचा परिणाम होऊ लागला की तीच मात्रा जास्त ठरू शकते. आणि चालताना छातीत दाटून येत असेल, तर आधी हृदयाची तपासणी, मग चालणं.