सरासरीत हरवलेले चेहरे

कामानिमित्त अमेरिकेत असताना मी जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या वाचनगटात जात असे. तिथे आम्ही जॉय बुओलामविनी यांचं 'अनमास्किंग एआय' (२०२३) वाचलं. एमआयटीत शिकताना चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यांचा काळा चेहरा दिसेना. पांढरा मुखवटा लावताच दिसला!

मला जास्त भिडली ती त्यांची मोजणी. २०१८ मध्ये टिमनिट गेब्रू यांच्यासह त्यांनी तीन कंपन्यांची, फोटोवरून स्त्री-पुरुष ओळखणारी सॉफ्टवेअर तपासली. त्यासाठी आफ्रिका आणि युरोपातल्या तीन-तीन देशांच्या खासदारांचे १,२७० चेहरे घेतले. आयबीएमचं सॉफ्टवेअर एकूण ८७.९ टक्के अचूक निघालं. आकडा ऐकायला बरा वाटतो. पण गट वेगळे केले, तर गोऱ्या पुरुषांत चुका ०.३ टक्के आणि सावळ्या-काळ्या स्त्रियांत ३४.७! (त्या मोजपट्टीवर आपण गहूवर्णी म्हणवणारे बरेचजण दुसऱ्याच गटात जाऊ.)

"मग जास्त फोटो घालून शिकवलं की झालं ना?" एका विद्यार्थ्याने विचारलं. तेवढ्याने भागत नाही. जानेवारी २०२० मध्ये डेट्रॉइट पोलिसांनी रॉबर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय गृहस्थाला बायको आणि दोन लहान मुलींदेखत बेड्या घातल्या. घड्याळं चोरणाऱ्याच्या फोटोशी सॉफ्टवेअरने त्यांचा फोटो जुळवला होता. चोर दुसराच होता, तरी त्यांना सुमारे ३० तास कोठडीत काढावे लागले. इथे सॉफ्टवेअर चुकलंच, पण त्याच्या शब्दावर विसंबून बेड्या घालणारी माणसंच होती.

हल्ली आमच्या टीमच्या चाचणी-अहवालात मी सरासरीखाली गटवार आकडे मागते. काम वाढतं म्हणून कुरकुर होते.