लहान श्रवणकक्षातील ध्वनिक्षेपकांची निवड व मांडणी

बोलीच्या अभ्यासकाला एकच ध्वनिमुद्रण पुनःपुन्हा ऐकावे लागते. आर्वीच्या परिसरात कानी पडणाऱ्या वऱ्हाडी वळणाच्या बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. परंतु वक्त्याचा उच्चार या दोहोंच्या मध्ये कोठे तरी असला, म्हणजे निर्णय कानावर सोपवावा लागतो. हा कान केवळ ध्वनिमुद्रण ऐकत नाही. तो खोलीही ऐकत असतो. म्हणून ध्वनिक्षेपक, म्हणजेच स्पीकर, कोणते घ्यावेत याइतकाच ते कोठे ठेवावेत हा प्रश्न महत्त्वाचा होय.

उदाहरणादाखल ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच अशी खोली घेऊ. हवेचे तापमान ३० अंश असता ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर असतो. त्याला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागले की खोलीचा अनुनाद मिळतो : लांबीचा ४४ हर्ट्झ, रुंदीचा व उंचीचा प्रत्येकी ५८. यांच्या पटीही अनुनादित होतात. त्यांपैकी ११७ व १३१ हर्ट्झ या पुरुषाच्या बोलण्याच्या मूलस्वरातच, म्हणजे साधारण १०० ते १५० हर्ट्झमध्ये, येतात. रुंदी व उंची समान असल्याने दोष दुणावतो. कवेलूंच्या छपरातून खर्जाचा काही अंश बाहेर निघून जातो. सिमेंटच्या स्लॅबखाली तो कोंडतो.

कापसाच्या या मुलुखात गादी सहज मिळते, व ध्वनिशोषक म्हणून ती उत्तमही आहे. पण तिला मर्यादा आहे. दहा सेंटिमीटर जाडीची गादी सुमारे ९०० हर्ट्झच्या वर पूर्णपणे उपयोगी पडते. ४४ हर्ट्झची तरंगलांबी ८ मीटर. तिच्यापुढे गादी निष्प्रभ ठरते. तेथे मांडणी हाच उपाय.

मागच्या भिंतीवरून परतणारा ध्वनी मूळ ध्वनीला छेद देतो. ध्वनिक्षेपकाचे तोंड भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर हा छेद १४६ हर्ट्झवर, नेमका मूलस्वरात पडतो. ३० सेंटिमीटरवर आणल्यास तो २९० च्या आसपास सरकतो. भिंतीजवळ खर्ज वाढतो, म्हणून १३ ते १६ सेंटिमीटर शंकूचा, बंद पेटीचा लहान ध्वनिक्षेपक निवडावा. मोठी पेटी लहान खोलीत गुणापेक्षा दोषच अधिक दाखविते.

दोन्ही ध्वनिक्षेपक आखूड भिंतीशी, एकमेकांपासून २.२ मीटरवर, बाजूच्या भिंतींपासून समान अंतरावर ठेवून श्रोत्याकडे किंचित वळवावेत. श्रोत्याने पाठीमागच्या भिंतीपासून दीड मीटरवर बसावे. खोलीचा मध्य व भिंतीलगतची जागा दोन्ही टाळाव्यात. तारस्वराचा शंकू कानाच्या पातळीवर असावा : मांडी घालून बैठकीवर बसणाऱ्यास सुमारे पाऊण मीटर, खुर्चीवर बसणाऱ्यास सुमारे १.१ मीटर. बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवीत न्यावा. बसल्या जागेवरून ज्या ठिकाणी ध्वनिक्षेपक दिसेल, तेथे गादी टांगावी.

परीक्षा सोपी आहे. एकमार्गी मुद्रण केलेले बोलणे लावावे. आवाज दोहोंच्या बरोबर मधून आला पाहिजे. नंतर ‘चार’ व ‘चाक’ हे शब्द ऐकावेत. पहिला ‘च’ तालव्य, दुसरा दंततालव्य. दोहोंमधील भेद मुख्यतः काही हजार हर्ट्झच्या घर्षणध्वनीत असतो. उन्हाळ्यात कूलरची घरघर हाच भेद झाकते. म्हणून निर्णायक श्रवणाच्या वेळी कूलर बंद ठेवावा.

एवढी दक्षता घेतल्यावर टिपणात ‘डोया’ लिहिले गेले, तर तो उच्चार वक्त्याचा आहे, खोलीचा नव्हे, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते.