सोलापूरचे विमान आणि नव्वद मीटरची चिमणी (लेखांक 7)

राळेगणसिद्धीत 1972च्या दुष्काळात पाझर तलाव बांधला गेला, पण त्यात पाणी ठरेना. अण्णा हजारे 1975मध्ये लष्करातून गावी परतले, त्यानंतर गावकऱ्यांनी श्रमदानाने त्याची गळती काढली आणि खालच्या विहिरींना पाणी आले. छोट्या विमानतळांबद्दल वाचताना मला हा तलाव आठवतो. धावपट्टी असते, पण विमान ठरत नाही. मग गळती कुठे आहे ते शोधावे लागते.

आपल्या जिल्ह्यातल्या काकडीच्या शिर्डी विमानतळाला प्रवासी शोधावे लागले नाहीत. तो 1 ऑक्टोबर 2017 रोजी सुरू झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून दक्षिणेतले भाविक रेल्वेने आणि बसने येतच होते. सोलापूरचे तसे नव्हते. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून काही काळ किंगफिशरची विमाने मुंबईला जात. ती थांबली, 2012मध्ये कंपनीच बंद पडली आणि पुढची बारा-तेरा वर्षे सोलापूरला नियमित प्रवासी विमान मिळाले नाही.

दरम्यान जवळच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची सुमारे 90 मीटर उंच चिमणी उभी राहिली. विमान साधारण 3 अंशांच्या उताराने खाली येते. म्हणजे टेकण्याच्या जागेपासून किलोमीटरभर दूर असताना ते जेमतेम 52 मीटर उंचीवर असते. म्हणून त्याच्या वाटेखालची झाडे, मनोरे, इमारती यांच्या उंचीला बंधन असते. चिमणी या वाटेत येते, असा वाद झाला आणि तो न्यायालयात गेला. अखेर 15 जून 2023 रोजी चिमणी पाडली. सभासद शेतकऱ्यांचा विरोध होता आणि तो मला समजतो. उभ्या उसाला कारखाना लागतो. सोलापूरकरांची विमानाची मागणीही रास्तच होती. उंचीचा हा हिशेब पाया खणण्याआधी मांडला असता, तर शेतकरी आणि शहर एकमेकांसमोर उभे राहिले नसते. याचे मला खरोखर वाईट वाटते.

सोलापूरजवळ बोरामणीला नवा विमानतळ करायचे ठरले होते, तिथे वनजमिनीचा आणि माळढोकाचा प्रश्न आला. त्या माळढोकाचे अभयारण्य नान्नजपासून आपल्या कर्जत-श्रीगोंद्यापर्यंत पसरलेले, त्यामुळे तो पक्षी आपल्यालाही परका नाही.

होटगी रस्त्यावरच्या नूतनीकरण झालेल्या विमानतळाचे उद्घाटन 29 सप्टेंबर 2024 रोजी झाले. गोव्याचे पहिले विमान मात्र 9 जून 2025 रोजी उडाले आणि मुंबईचे 15 ऑक्टोबर 2025 रोजी. फीत कापली की विमान येते, असे नसते. परवाना, कंपनी, विमान आणि मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर उतरायची वेळ, हे सगळे जुळावे लागते.

त्यानंतर पैशाचा प्रश्न. छोट्या विमानतळांसाठीच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेत कंपनी काही जागा ठरावीक दराने विकते आणि तिची तूट तीन वर्षे भरून दिली जाते. त्यातला मोठा वाटा मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून घेतलेल्या आकारातून येतो, उरलेला राज्य देते. तीन वर्षांनी काय होते? महालेखापरीक्षकांच्या 2023च्या अहवालात योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांचा हिशेब आहे. मंजूर 774 मार्गांपैकी 371 सुरू झाले, 112 मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि त्यानंतरही चालू राहिले ते 54. मला वाटते खरी गळती इथे आहे, आणि ती चिमणीसारखी एका दिवसात पाडून निघणारी नाही.

सोलापूरची दुसरी अडचण रेल्वेच्या स्पर्धेची आहे. 10 फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारत पहाटे सोलापूरहून निघते आणि साडेसहा तासांत मुंबईला पोहोचवते; त्याच रात्री परत आणते. चादरीच्या व्यापाऱ्याला किंवा मुंबईत तपासणीला जाणाऱ्या रुग्णाला विमान उपयोगी पडायचे, तर ते सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारे हवे, आणि रोजचे हवे. मधल्याच वेळेला एक फेरी असली, तर मुंबईत मुक्कामाचा खर्च तिकिटावर चढतो.

पुढच्या आठवड्यात नांदेड. तिथले हैदराबादचे विमान 27 एप्रिल 2017 रोजी, ‘उडान’च्या पहिल्याच दिवशी सुटले होते.