कोणते तबले ठेवावे?

कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरासारख्या ठिकाणीं एखाद्या भजनी घराण्यांत वाडवडिलांचे चार-सहा तबले सांचलेले असले, आणि नव्या घरांत जागा दोहोंपुरतीच असली, तर ठेवावे कोणते?

प्रथम कातड्याकडे पाहूं नये. पुडी फाटली तर नवी चढवितां येते. खोड मात्र बदलतां येत नाहीं. म्हणून चिरलेलें, किडलेलें अगर हलकें खोड आधीं बाजूस काढावें. जड शिसवीचें राखावें.

यानंतर प्रश्न स्वराचा. तोंड जितकें लहान, तितका स्वर चढा. गठ्ठे ठोकून तो थोडाफार हलवितां येतो. फार ताणल्यास पुडी फाटते, फार उतरविल्यास नाद बसतो. सुमारें साडेपांच इंची तोंडाचा, काळी एकमध्यें मिळणारा तबला सर्वांत उपयोगी. काळी एकमध्यें गाणाऱ्यास तो षड्ज देतो, काळी तीनमध्यें गाणाऱ्यास पंचम, आणि काळी चारमध्यें गाणाऱ्या स्त्रियांना मध्यम. मात्र मध्यमाची ही सोय मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागांतच विशेष शोभते. म्हणून दुसरा तबला सहा इंचांहून मोठ्या तोंडाचा, काळी चारमध्येंच मिळणारा निवडावा. डग्गा दोहोंस मिळून एक पुरे.

उरलेले माळ्यावर टाकूं नयेत. पावसाळ्याच्या दमटपणानें पुडी सैल पडते, वादीला बुरशी येते. ते जवळच्या शाळेस किंवा भजनी मंडळास द्यावे. तेथें निदान ते रोज वाजतील, आणि वाडवडिलांचा ठेवा जिवंत राहील.