चुकीचा माग काढणारा पाठ

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग घडवताना मिलिमीटरचा शंभरावा भागही हिशेबात धरावा लागत असल्याने, मोरवाडीतील महापालिकेच्या आयटीआयमध्ये फिटर होऊ पाहणाऱ्याला किंवा शिकाऊ उमेदवार म्हणून कारखान्यात रुजू होणाऱ्याला व्हर्निअर कॅलिपर वाचायला शिकावेच लागते. हे वाचन संगणकावर शिकवण्यासाठी अनुकूली पाठ, म्हणजे शिकणाऱ्याच्या उत्तरानुसार पुढचे स्पष्टीकरण आणि पुढचा प्रश्न बदलणारा पाठ, कसा रचावा लागतो, हे एका मापावरूनही कळते.

समजा, मुख्य पट्टीवर २३ मिलिमीटर पूर्ण झाले आहेत, सरकत्या पट्टीची सतरावी रेषा मुख्य पट्टीवरच्या एका रेषेशी जुळली आहे आणि लघुतम माप, म्हणजे त्या साधनाने मोजता येणारा सर्वांत लहान फरक, ०.०२ मिलिमीटर आहे. तर उत्तर २३.३४ येते. २३.१७ लिहिणारा मुलगा जुळणारी रेषा बरोबर ओळखतो, पण तिला लघुतम मापाने गुणत नाही; २४.३४ लिहिणाऱ्याला गुणाकार येतो, मात्र सरकत्या पट्टीच्या शून्याच्या डावीकडची रेषा सोडून तो उजवीकडची धरतो. दोघांनाही ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच सांगणारा पाठ कितीही देखणा असला, तरी त्याला अनुकूली म्हणता येणार नाही. म्हणून या कामाचा आरंभ चुकांच्या यादीपासून व्हायला हवा, आणि ती यादी प्रोग्रॅमरपेक्षा वर्षानुवर्षे जॉब, म्हणजे विद्यार्थ्यांनी घडवलेले नग, तपासणाऱ्या निदेशकापाशी असते.

कारागिरीच्या शिक्षणाशी अनुकूली पाठाच्या कल्पनेचे नाते जुनेच आहे. गॉर्डन पास्क यांनी १९५६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये घडवलेले ‘साकी’ हे यंत्र कार्डांवर छिद्रे पाडणाऱ्या ऑपरेटरांना शिकवत असे आणि ज्या कळांवर हात अडखळे, त्यांचा सराव वाढवत असे. पुढे १९९५ मध्ये कॉर्बेट आणि अँडरसन या संशोधकांनी ‘ज्ञान-मागोवा’ ही पद्धत मांडली. तीत प्रत्येक उत्तरानंतर कौशल्य आत्मसात झाल्याची संभाव्यता नव्याने काढली जाते आणि अंदाजाने बरोबर आलेले उत्तर व येत असूनही अनवधानाने चुकलेले उत्तर या दोन्ही शक्यता जमेस धरल्या जातात.

तरीही कॅलिपरचे जबडे जॉबवर गरजेपेक्षा जोराने आवळले गेले किंवा तिरके बसले, तर पट्ट्यांवरचा आकडा अचूक वाचूनही माप चुकतेच; त्यामुळे वाचनाचा सराव पुरा झाल्यावर पाठाने विद्यार्थ्याला वर्कबेंचकडे पाठवावे, आणि त्याच्या आधीच्या चुकांची नोंद निदेशकाच्या हाती द्यावी.