धारेची वेळ

२०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर भरली, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. आमच्या माणदेशात एवढ्या रानावर, तेही जिरायती, घर चालत नाही. पाऊस झाला तर बाजरी, मटकी हाताला लागते. नाही झाला तर कडब्याचीही वानवा. रोजचा खर्च भागतो तो दुधाच्या पगारावर. दर दहा दिवसांनी दूध संकलन केंद्राकडून जे पैसे येतात, त्यांना इकडे पगारच म्हणतात. आमच्या घरी दोन संकरित गाई, एक म्हैस, चार शेळ्या आणि अंगणभर कोंबड्या आहेत. हा सगळा पसारा वहिनी सांभाळते.

पहाटे ती गोठ्यात शिरते ती आधी नुसती बघायला. कोण बसून रवंथ करतंय, कुणी रात्रीची वैरण गव्हाणीत तशीच टाकलीय, शेण पातळ झालंय का खड्याखड्याचं पडलंय. निरोगी गाईची नाकपुडी ओलसर असते. ती कोरडी दिसली की वहिनी कानाच्या मुळाशी हात लावून ताप पाहते. शंका आली तर डाव्या कुशीवर मूठ दाबून उभी राहते. पोट नीट चालत असलं तर दोन मिनिटांत तीनेक वेळा आतून मुठीला ढकलल्यासारखं लागतं. जनावरांचे डॉक्टरही सुरुवात इथूनच करतात. याला कुणी कौशल्य म्हणत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मग धार. कोमट पाण्यानं कास धुतली, सडांना हात लागला की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि ती पान्हा सोडते. त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो, तेवढ्यात धार उरकावी लागते. मध्येच कुत्रं भुंकलं, कुणी ओरडलं, काठी उगारली, तर गाय बिचकते आणि दूध चोरते. म्हणून धारेच्या वेळी गोठ्यात अनोळखी माणसाला मज्जाव. धार पूर्ण मुठीनं काढायची. अंगठा दुमडून ओढली तर सडाला इजा होते आणि दगडीच्या आजाराला वाट मिळते. धार झाल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं. तेवढा वेळ गाय खाली बसू नये म्हणून पुढ्यात लगेच वैरण टाकायची.

म्हशीचं वेगळंच. रेडकू पाजल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. इथं घरातला जुना वाद सुरू होतो. पहिल्या धारेत फॅट अगदी कमी असतो, शेवटच्या धारेत सर्वांत जास्त. शेवटचं दूध रेडकाला सोडलं तर केंद्रावरच्या यंत्रात फॅट खाली येतो आणि दर कापला जातो. रेडकू उपाशी राहिलं तर पुढची म्हैस तयार होत नाही. वहिनी एक सड रेडकासाठी राखते आणि दराच्या कटकटीला बधत नाही. मला तिचंच बरोबर वाटतं.

चाऱ्यापेक्षा लोक पाण्याला कमी लेखतात. गाईच्या दुधात सत्त्याऐंशी टक्के पाणी असतं. दुभती गाय दिवसाला साठ-सत्तर लिटर सहज पिते, उन्हाळ्यात जास्तच. दोनदा बादली दाखवून भागत नाही, पाणी सतत समोर हवं. कडबा अख्खा टाकला तर ताटं पायदळी जातात, म्हणून कुट्टी करायची. लसूणघास कापून सुकवल्यावर द्यायचा. ओला, दवाचा, रिकाम्या पोटी घातला की पोट फुगलंच. तासाभरात जनावर हातचं जाऊ शकतं.

शेळ्यांचं काम हलकं, पण बेसावध राहून चालत नाही. पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं की आंत्रविषारानं धडधाकट शेळी रातोरात मरते. त्याची लस पावसाआधी टोचून घ्यायची, तशीच गाई-म्हशींना घटसर्प आणि फऱ्याची. खुडूक कोंबडीला टोपलीत अंड्यांवर बसवलं की एकवीस दिवस ती सांभाळते. आपण फक्त मुंगसापासून राखण करायची.

खरी कसोटी लागते ती गाय विण्याच्या आधी. गाभण राहून साधारण दोनशे ऐंशी दिवसांनी गाय विते, म्हैस तीनशे दहाच्या पुढेमागे. शेवटचे दोन महिने गाय आटवायची, म्हणजे धार बंद करायची. तिच्या कासेला विसावा मिळतो आणि पोटातल्या वासराची वाढही याच काळात सर्वांत जास्त होते. पण तेवढे दिवस तिचा खर्च चालू आणि पगार बंद. दुष्काळात, जनावरं चारा छावणीत न्यावी लागली त्या वर्षांत, आटवलेली गाय आधी बाजारात गेलेली मी पाहिली आहे.

विण्याच्या आदल्या दिवशी शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात. विताना आधी पुढचे दोन खूर आणि त्यांवर टेकलेलं तोंड दिसलं तर सरळ आहे. दुसरं काही दिसलं तर ओढाताण न करता डॉक्टरांना बोलवायचं. वासरू रोगाशी लढायची ताकद आईच्या पोटातून घेऊन येत नाही, ती चिकातून मिळते, आणि त्याची आतडी ती पहिल्या दिवसापुरतीच शोषून घेऊ शकतात. म्हणून तासाभरात चीक पाजायचा. जार पडायची वाट पाहायची नाही, कारण तिला आठ-बारा तास लागू शकतात. शेजारीपाजारी खरवसाची वाट बघतात, पण वासराचं पोट भरल्याशिवाय आमच्याकडे चीक चुलीवर चढत नाही. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होते. वहिनीची पूजा या चिकापासूनच सुरू झालेली असते.

इतकं सगळं जिच्या हातानं होतं, तिचं नाव दूध केंद्राच्या पुस्तकात नव्हतं. खातं दादाच्या नावावर, गोठ्याविषयीच्या प्रशिक्षणाचं बोलावणंही दादालाच. आमच्या गावातल्या बहुतेक घरांत अजून असंच आहे. आमच्या घरी खातं आता वहिनीच्या नावावर झालं. पहिल्या पगारातून तिनं गोठ्यात रबरी मॅट आणल्या, कारण फरशीवर बसून गाईंचे गुडघे सोलपटत होते आणि त्या बसायला कचरत होत्या. बसल्याशिवाय रवंथ पोटभर होत नाही. आता दुपारी दोघी तासन्‌तास बसतात.